पाच रुपयांची पाच

कूलरच्या टट्ट्या बदलतो मी.
एप्रिलपासून मृगापर्यंत धंदा, बाकीचे महिने उधारी.
सदरमध्ये ज्या ज्या खिडकीतून ओला वारा आत जातो
तिथल्या जाळीने माझं एखादं बोट चिरलेलं आहे.

लियाओबाईंचा दाताचा दवाखाना त्यातलाच.
नवतपाचा तिसरा दिवस,
पत्र्याला हात लावला की हात आपला राहत नव्हता.
आदल्या रात्री भाचीच्या लग्नात
वडाभात दोनदा घेतला होता, मठ्ठा मोजला नव्हता.
खिशातला कांदा खिशातच शिजला.
टट्टी बसवली, पंप सुरू केला,
आणि घाम न पुसता
मीच लावलेल्या वाऱ्यासमोर मीच उभा राहिलो.
चार शिंका.
मग पोटात कोणीतरी रिकामी बादली ओढत नेली.

बाई आल्या. खुर्चीवरचा पेशंट
तोंड उघडं ठेवूनच माझ्याकडे बघत राहिला.
"काहून जी नेवारे, असे पांढरे पडून राहिले?"
सदरमध्येच जन्मल्या त्या,
वडिलांची पाटी अजून दारावर, अर्धी चिनी.
प्लास्टरच्या दातांच्या खणातून त्यांनी खोका काढला.
करंगळीएवढ्या बाटल्या, तपकिरी,
प्रत्येकीला सुतळीएवढी नळी.
"बाई, मुंग्यांचं सरबत हाये का हे?"
"प्या गुमान."

कडू. मग तिखट.
मग वर्षभर बंद असलेल्या खोलीचं
कुलूप काढल्यासारखं काहीतरी, नाकाच्या मागे.

"ओल शिरली तुमच्या पोटात.
वरून आग, आतून ओल. दोघींचं पटून नाही राहिलं."
दुखत असतानाही हसू आलं मला.
ओल तर मी चौरस फुटाने विकतो.

औषधाचं नाव त्यांनी हळू सांगितलं, चार घासांचं.
पहिले दोन म्हणजे एक पाला.
पुढचे दोन म्हणजे, त्या थांबल्या,
"आतला वारा सरळ करणे."
सरळ म्हणजे कसा?
"ज्याला जिकडून जायचं, त्यानं तिकडूनच जायचं."
संध्याकाळी मी पेज जेवलो.
औषधाने की उपासाने, ते मला विचारू नका.

पुढच्या मे महिन्यात खणात एकच बाटली उरली होती.
खोके पाठवणारा भाऊ कलकत्त्यात वारला होता, पौषात.
बाईंनी बूच उघडलं, प्यायल्या नाहीत,
नुसतं माझ्यापुढे धरलं.
मी म्हटलं, "हा वास तर आमच्या घरी येते."

कौतिका बर्डीवर वेण्या विकते.
मोगरा, मरवा, मध्ये मध्ये पाचेची पानं.
पाच हिरवी असते तोवर गप्प.
न विकलेली टोपलीत सुकली की
रात्रभर बोलते, झोपू देत नाही.

दुसऱ्या दिवशी जुडी नेली. पाच रुपयांची.
बाईंनी एक पान चुरगळलं,
चष्मा काढला, पुन्हा लावला.
"नुसत्या पाल्यानं औषध नाही होत जी, खूप काही लागते.
साल लागते संत्र्याची, जुनी."
आणि मला आठवलं, त्यांच्या गच्चीवर
दर फेब्रुवारीत मृगबहाराची सालं वाळत असतात,
मी टाकीपर्यंत जाताना ओलांडतो.
मला वाटायचं, उटणं करत असतील.

जुडी त्यांनी दिव्याच्या दांडीला टांगली.
खुर्चीत आडवा होणारा प्रत्येक जण
आता आधी वर बघतो, मग तोंड उघडतो.

"पैसे घेतले का त्या बाईजवळून?" कौतिकाने विचारलं.
नाही घेतले. एक दाढ काढून घेतली, फुकट.

ती शेवटची बाटली अजून खणातच आहे,
प्लास्टरच्या दातांच्या शेजारी.
मी परवा म्हटलं, पिऊन टाका की बाई, जुनी होईल.
"राहू द्या," त्या म्हणाल्या,
"नवतपा लागून राहिला. कोणाला लागंल."